इंजिनवाली शांतम्मा आणि विजेची मोटार

येरमाळ्याच्या फाट्याजवळ एक पिठाची गिरणी होती, आणि त्या गिरणीतल्या बाईच्या हातचा मार खाल्लेली पाच-सात माणसं गावात सहज सापडायची. विचारलं तर एकही कबूल व्हायचा नाही. पण पडलेले दात काही लपत नाहीत. बाईचं नाव शांतम्मा. नाव ठेवताना आईबापांनी काय बघितलं होतं देव जाणे! माहेर मुरूमकडचं, घरात बोली कानडी. थोडा राग आला तर मराठीत शिव्या, जास्त आला तर कानडीत, आणि त्याहून जास्त आला तर शिव्याच नाहीत, सरळ हात.

पण तिची गोष्ट सांगायची तर आधी इंजिनाची सांगावी लागते. रझाकारी संपल्यावर दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यानं, गुंडप्पानं, किराणा दुकान मोडून सोलापुरातून तेलावर चालणारं इंजिन आणलं. बारा घोड्यांची ताकद, दोन बाजूंना छातीएवढी दोन लोखंडी चाकं. एका चाकावरून रुंद पट्टा गिरणीच्या दगडाकडं जायचा. सुरू करायचं म्हणजे चाकाच्या मधोमध हातभर लांबीचं लोखंडी हँडल अडकवायचं, अंगातली सगळी ताकद लावून गरागरा फिरवायचं, आणि इंजिन पेटलं की त्याच दमात हँडल बाहेर ओढून घ्यायचं. जरा जरी उशीर झाला तरी हँडल चाकाबरोबर फिरायला लागायचं आणि समोर जे अंग सापडेल ते फोडायचं. गुंडप्पाची दोन बोटं पहिल्याच वर्षी मोडली. दुसऱ्या वर्षी मनगट. तो हसून म्हणायचा, "जनावर हाय, लाथा मारनारच."

सत्तावन्न साली पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या जनावरानं त्याला ठार मारलं. सकाळची वेळ, पुरणपोळीच्या गव्हाची रांग पार रस्त्यापर्यंत. हँडल अडकलं, चाकाबरोबर फिरलं, निसटलं आणि गुंडप्पाच्या कानशिलात बसलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. पुढं उभ्या असलेल्या बायकांच्या पाट्यांतल्या गव्हावर रक्त उडालं. शांतम्मा धावत आली तेव्हा इंजिन आपलं मजेत चालू होतं आणि नवरा त्याच्या पायाशी टाचा घासत होता. इंजिन बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिनं लाथ घालून तेलाची नळी तोडली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. दुपार व्हायच्या आत तो गेला.

लिंगायतांच्या रीतीनं गुंडप्पाला बसवून माती दिली. घरात उरली दोनच माणसं, सत्तावीस वर्षांची शांतम्मा आणि तिचा सतरा वर्षांचा दीर चन्नबसप्पा. तिच्या पोटी मूल नव्हतं. पण चन्ना होता. सासू त्याला सहा वर्षांचा टाकून गेली, त्याच साली शांतम्मा लग्न होऊन आली आणि आल्या दिवसापासून त्याची आई झाली. त्याला न्हाऊ घातलं, गोवरात उशाशी बसली, शाळा बुडवली म्हणून बाभळीच्या फोकानं सोलून काढलं, आणि सोलून झाल्यावर स्वतःच रडत रडत हळद लावली.

आता गिरणी चालवायची कुणी? गाव चन्नाकडं बघायला लागलं. पोरानं हँडल हातात घेतलं आणि तिथंच ओकला. पुन्हा म्हणून त्यानं त्या हँडलाला हात लावला नाही. मग गावचा पैलवान बलभीम आला, दंड थोपटत. "व्हा बाजूला, ह्याच्यात काय हाय!" इंजिनानं एकच झटका दिला आणि पैलवानाचा अंगठा उलटा फिरवला. दीड महिना गिरणी बंद. बायका डोक्यावर पाट्या घेऊन तेरखेड्याला दळायला जाऊ लागल्या.

एक दिवस शांतम्मानं पदर खोचला, हँडल उचललं आणि गिरणीचं दार आतून लावून घेतलं. आत काय झालं ते कुणी बघितलं नाही. दोनदा किंकाळी ऐकू आली, चार-पाच कानडी शिव्या ऐकू आल्या, आणि मग इंजिनाचा धडधडाट. दार उघडलं तेव्हा बाईची हनुवटी फुटून रक्त गळत होतं. ती म्हणाली, "लावा रांग."

त्या दिवसापासून ती इंजिनवाली. गावात दुसऱ्या कुणालाही ते इंजिन वळलं नाही. हातांची ताकद तर लागायचीच, पण इंजिन कधी पेटणार ते आधी अंगाला कळावं लागायचं, आणि ते तिच्याच अंगाला कळायचं. तिला ताप आला की आख्ख्या गावाच्या भाकरी अडायच्या. सणावाराला ज्या बायका तिला विधवा म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, त्याच बायका सकाळी तिच्या दारात "शांताक्का, एवढं माजं आधी घ्या की वो" म्हणून तोंड वेंगाडायच्या. पाटलाची बायकोसुद्धा रांगेत उभी राहायची. एकदा रस्त्यावरचा एक ट्रकवाला पाणी मागायला आला आणि तिच्या पदराला हात घातला. तिनं हँडल उचललं आणि त्याच्या तोंडावर असं घातलं की समोरचे दोन दात जोंधळ्याच्या पाटीत पडले. ज्या बाईची पाटी होती तिनं ते वेचून बाहेर फेकले आणि जोंधळा दळून नेला. मग सांगा, अशा बाईला कोण बोलणार? तिचा मान होता तो त्या हँडलाच्या जोरावर, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सात वर्षं अशी गेली. चौसष्ट साली गावात विजेचे खांब आले.

चन्ना आता चोवीस वर्षांचा बाप्या झाला होता. बार्शीला जाऊन विजेची गिरणी बघून आला आणि आल्या आल्या गिरणीच्या पायरीवर उभा राहून बोलायलाच लागला. हँडल नाही, तेल नाही, धूर नाही, पिठाला घासलेटाचा वास नाही. भिंतीवरचा खटका वर केला की गिरणी चालू, खाली पाडला की बंद. लहान पोरगंसुद्धा चालवेल.

बलभीम तिथंच बसला होता. तो म्हणाला, "चन्नाप्पा, इंजिन म्हंजी घरचा बैल. ईज म्हंजी शेजाऱ्याचा. त्याला वाटलं की दावं सोडून नेनार. मंग बस बोंबलत."

"घरच्या बैलानं माजा भाऊ मारला, बलभीमदादा," चन्ना म्हणाला. "रोज सकाळी वैनी आत जाती आन म्या हितं जीव मुठीत धरून बसतो. इंजिनाचा आवाज येईस्तोवर जागचा हलत न्हाय. सात वर्षं झाली. मला न्हाय सोसत आता."

हे त्यानं मनापासून सांगितलं. खोटं कशाला सांगू, पोरगं वाईट नव्हतं. पण पुढं एक वाक्य बोलला आणि घोटाळा केला. "आन वैनीनं तरी किती दिस बाप्यागत राबायचं? बसावं आता घरात."

शांतम्मा दारात उभी होती. तिच्या कानात फक्त शेवटचं शिरलं. घरात! म्हणजे चुलीपुढं. म्हणजे सणाला बाहेर आणि रोजच्यालाही बाहेर. ती म्हणाली, "मोटार आली तर माज्या मढ्यावरनं येईल. सुम्न कूड!" गप्प बस, असं तिनं त्याला कानडीत बजावलं, लहानपणी बजावायची तसं. पण तो आता लहान नव्हता आणि गिरणीत त्याचा अर्धा वाटा होता.

वैशाखात मोटार आली. सोबत वायरमन. शांतम्मा हँडल घेऊन दारात उभी. वायरमन बिचारा परका माणूस, त्यानं पाऊल पुढं टाकलं आणि नडगीवर फटका खाल्ला. तो एका पायावर नाचायला लागला. चन्ना धावला, हँडलाचं दुसरं टोक धरलं, ओढाओढ झाली. रांगेतल्या बायका पाट्या टाकून मागं सरकल्या. शांतम्मानं हिसडा मारून हँडल सोडवलं आणि चन्नाच्या खांद्यावर घातलं. हाड वाजलं. आणि मग चन्नाचा हात उठला. सगळ्या गावादेखत त्यानं तिच्या थोबाडीत मारली.

एकच. पण तिच्या हातून हँडल खाली पडलं. तिला लागलं नव्हतं म्हणा, इंजिनानं तिला याच्या दसपट दिलं होतं. पण ज्याला तिनं या हातांनी भरवलं त्याचा हात तिच्या तोंडावर आला होता. ती बाहेर गेली आणि ओट्यावर बसली. चन्ना तिच्या मागं गेला, "वैनी, चुकलं माजं," म्हणाला, पाय धरायला वाकला. तिनं पाय वर घेतले. शेवटी तो आत गेला.

इंजिनाचा पट्टा उतरवून मोटारीला चढवला. वायरमन लंगडत लंगडत भिंतीवर लोखंडी पेटीचा खटका बसवत होता. काम संपल्यावर त्यानं बजावलं, "आपोआप पडनारा खटका सोलापूरहून यायचाय. पंधरा दिवस लागतील. तोवर हा साधाच हाय. ध्यानात ठेवा, लाइट गेली की पयला हा खटका हातानं खाली पाडायचा, मगच गिरनीला हात लावायचा. लाइट जशी जाती तशी येती. सांगून येत न्हाय." चन्ना मोटारीपुढं नारळ फोडत होता. त्यानं मान डोलावली. ओट्यावर बसलेल्या शांतम्मानं मात्र शब्दन् शब्द ऐकला.

मोटार चालली, आणि काय झकास चालली! आवाज म्हणजे नुसती घरघर. बायका कौतुकानं तोंडाला पदर लावून बघायच्या. चन्ना हौसेनं ज्याला त्याला खटका वर करू द्यायचा. पाटलाच्या बायकोनं केला, म्हातारीकोताऱ्यांनी केला. सहा दिवस शांतम्मा ओट्यावर बसून होती. कुणी तिला अक्का म्हटलं नाही, कुणी आर्जव केलं नाही. तिची सगळ्यात जवळची शेजारीण सारजाबाई दळण घेऊन जाताना म्हणाली, "बरं झालं बाई, तुला इसावा मिळाला." सारजाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. शांतम्माला मात्र वाटलं, तिच्या हातातली पाटी हिसकावून तिच्याच डोक्यात घालावी.

सातव्या दिवशी दुपारी वळवाचं वारं सुटलं. धुळीनं रस्ता दिसेना. आणि लाइट गेली.

गिरणी घरघरत घरघरत थांबली. थांबताना पट्टा चाकावरून घसरला. रांगेत पाच-सहा बायका होत्या. चन्ना म्हणाला, "थांबा, लाइट येईस्तोवर पट्टा चढवून ठिवतो." तो चाकापाशी उकिडवा बसला आणि त्यानं उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला.

आता त्याची चूक काय ते समजून घ्या. हा माणूस इंजिनाच्या घरात वाढलेला. इंजिन थांबलं म्हणजे मेलं. कुणीतरी हँडल मारून जिवाचं रान केल्याशिवाय ते उठत नाही. थांबलेल्या चाकात हात घालायला कसली भीती? चौदा वर्षं या घरात सगळ्यांनी तसाच घातला होता. खटका भिंतीवर होता, वरच होता, आणि त्याच्याकडं त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

शांतम्मानं बघितलं.

ती पावसाचे थेंब आले म्हणून ओट्यावरून उठून दारात आली होती. तिला खटका दिसला, वर. तिला चन्नाचा हात दिसला, पट्ट्यात. वायरमनचं बोलणं तिला जसंच्या तसं आठवलं. तोंड उघडून "चन्ना, खटका" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ती म्हणाली नाही. हात जावा असं तिच्या मनात नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगतो. तिच्या मनात आलं, बसू दे एक झटका. पट्टा फटकन अंगावर येऊ दे, पोरगं घाबरू दे. मग येईल धावत, वैनी, आपलं इंजिनच बरं म्हणत. एवढं मनात यायला लागला तेवढाच वेळ ती गप्प होती. एका बाईनं नाक शिंकरलं. दुसरी म्हणाली, "वारं कमी झालं वाटतं." आणि लाइट आली.

पट्ट्यानं हात आत ओढला. चन्ना ओरडला ते माणसासारखं नव्हतं. खांदा चाकाला भिडला, चाक अडलं, पुन्हा फिरलं, आणि कोपराच्या वर हाड मोडल्याचा आवाज रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. पिठाच्या पांढऱ्या भिंतीवर रक्ताची पिचकारी उडाली. बायका किंचाळत पळाल्या. शांतम्मा झेपावली, खटका खाली पाडला, पट्टा दोन्ही हातांनी उलटा ओढला. पट्ट्यानं तिच्या तळव्यांची साल निघाली. हात बाहेर आला तो नुसता कातड्यावर लोंबत होता. तिनं पदर टराटरा फाडला, दातानं गाठ आवळली, त्यात गज घालून पीळ दिला आणि रक्त थांबवलं. मग त्या धडधाकट गड्याला खांद्यावर टाकून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. समोरून येणाऱ्या ट्रकला थांबणं भागच पडलं.

बार्शीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात खांद्याखाली चार बोटांवर कापला. म्हणाले, "कुणी बांधलं हे? बांधलं नसतं तर पोरगा रस्त्यातच गेला असता."

पंचवीस दिवस ती त्याच्या खाटेशी बसली. भात कालवून भरवला. तो शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला, "वैनी, तुमी नसता तर मेलो असतो म्या." आणि मग म्हणाला, "म्या तुमाला मारलं हुतं. देवानं त्योच हात नेला." तिच्या हातातला घास खाली पडला. तिनं दुसरा कालवला. ते दोन न बोललेले शब्द तिनं अजून कुणाला सांगितले नव्हते, आणि इकडं दवाखान्यात, तिकडं गावात, जो तो तिची थोरवी गात होता. सख्खी आई करणार नाही ते भावजयीनं केलं म्हणे! ती ऐकायची आणि उठून मोरीत जाऊन भांडी घासत बसायची.

चन्नाला घेऊन ती गावात उतरली तेव्हा गिरणीपुढं शंभर माणूस जमलं होतं. पुढं बलभीम, हातात पहार. मागं कुणाकडं कुऱ्हाडी, कुणाकडं घण. बलभीम म्हणाला, "शांताक्का, तुजी वाट बघत हुतो. तुज्या देखत फोडायची ही अवदसा. हिनं पोराचा हात खाल्ला. ईज आपल्या गावाला न्हाय मानवत. तुजं इंजिन तयार हाय, म्या सोता पुसून ठिवलंय. तूच चालव."

आणि खरंच, ते इंजिन तिथं तेल पाजून चकाचक उभं होतं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, त्या दिवशी राहिली तसं. मोटार फुटली असती, गिरणी तिची झाली असती, रांग तिची, अक्का-अक्का म्हणणारी तोंडं तिची.

चन्ना ओट्यावर बसला होता. कोरा सदरा, उजवी बाही रिकामी, लोंबती. तिनं एकदा त्या बाहीकडं बघितलं. बलभीमानं पहार उचलली. शांतम्मानं कोपऱ्यातलं हँडल उचललं आणि पैलवानाच्या मनगटावर घातलं.

पहार खणकन् पडली. बलभीम बोंबलला, डाव्या हातानं त्यानं तिला ढकललं, ती भिंतीवर आदळली आणि कपाळ फुटलं. मागचे दोघं पुढं घुसले. एकाच्या गुडघ्यावर तिनं हँडल हाणलं, दुसऱ्याच्या हातातला घण हिसकावून रस्त्यावर भिरकावला. डोळ्यांत रक्त उतरलं होतं, दिसत नव्हतं, तरी ती फिरवत होती. "या! कोन येतोय या!"

"अगं येडी झालीस का?" बलभीम ओरडला. "कुनाला वाचवतीस? तिनं पोराचा हात खाल्ला!"

"मोटारीनं न्हाय खाल्ला!" शांतम्मा ओरडली. "म्या खाल्ला!"

सगळे थांबले.

"इंजिनानं माजा नवरा मारला तवा तुमच्यातल्या एकानंबी इंजिन फोडलं न्हाय. दुसऱ्या महिन्यात त्याच्याच पुढं रांग लावली. आन आज मोटार फोडता? मोटारीचा काय दोष? खटका वर हाय ते मला दिसत हुतं. वायरमननं काय सांगितलंय ते माज्या ध्यानात हुतं. चन्नाचा हात पट्ट्यात हुता आन म्या दारात उभी हुते. एक शब्द बोलले असते तर हात ऱ्हायला असता. न्हाय बोलले. म्हनलं, बसू दे झटका, येईल माज्याकडं माघारी. मुद्दाम न्हाय बोलले म्या!"

सारजाबाईनं तोंडावर हात घेतला. चन्ना ओट्यावरून उठला. सावकाश चालत आला. त्याचा तोल अजून सावरला नव्हता, एका बाजूला झोकांडी जायची. तो तिच्यापुढं उभा राहिला आणि त्यानं डाव्या हातानं तिच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी मुठीनं मारलं, ओठ फाटला, ती गुडघ्यावर बसली.

"आई मानत हुतो म्या तुला!" तो ओरडला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला तू म्हटलं. "आई मानत हुतो!"

दोन-चार जण त्याला धरायला धावले. "सोडा त्याला," शांतम्मा खालूनच म्हणाली. "मारू दे." पण त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. तो तिथंच पिठाच्या धुळीत बसला आणि लेकरासारखा रडायला लागला. गाव हळूहळू पांगलं. पहार कुणी उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चन्ना आंघोळ करून पूजेला बसला. दवाखान्यात त्यानं गळ्यातलं लिंग नुसतं डोळ्यांना लावून दिवस काढले होते. घरी आल्यावर रीतसर पूजा करायची असं ठरवलं होतं. आता लिंगायतांची पूजा म्हणजे लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं त्याला पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा. पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. चन्नानं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. समोर तांब्या, विभूती, बेलाची पानं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. तो तसाच बसून राहिला, हात पुढं करून.

शांतम्मा दारातून बघत होती. तिचा चेहरा सुजून काळानिळा झाला होता. ती आत आली, समोर बसली आणि तिनं विभूतीकडं हात नेला. चन्नानं मूठ मिटली. तिच्याकडं न बघता लिंग पुन्हा गळ्यात घातलं आणि उठून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. तीही जेवली नाही. सारजाबाईनं ताट झाकून आणलं होतं, ते तसंच परत गेलं.

दुपारी शांतम्मा बैलगाडी घेऊन आली. परंड्याच्या एका गिरणीवाल्यानं कधीचं इंजिन मागितलं होतं, त्याला निरोप गेला होता. सहा माणसांनी पहारी लावून इंजिन गाडीवर चढवलं. हँडल तिनं स्वतः नेऊन गाडीत टाकलं. बलभीम मनगटाला फडकं बांधून बघत होता. न राहवून म्हणाला, "शांताक्का, लाख चुका केल्यास, पन इंजिन कशापायी इकतीस? तुजं प्वाट त्याच्यावर हाय."

"इंजिन एका हातानं सुरू व्हत न्हाय," ती म्हणाली. "मोटार व्हती."

गाडी फाट्यावरून वळली. ती बघायला थांबली नाही. आत जाऊन फडकं पाण्यात बुडवलं आणि भिंतीवरचं वाळलेलं रक्त खरवडून पुसून काढलं. संध्याकाळी वायरमन आला, नडगी सांभाळत, दारातच थांबला. सोलापूरहून तो आपोआप पडणारा खटका आला होता. तिनं त्याला आत घेतलं, बसायला पाट दिला आणि खटका बसवून होईपर्यंत कंदील धरून उभी राहिली. दहादा विचारलं, "लाइट गेली तर हा सोताहून पडतो? खरंच पडतो?" त्यानं दहादा पाडून दाखवला.

दुसऱ्या दिवशी चन्ना पुन्हा पूजेला बसला. ती पुन्हा समोर येऊन बसली. पुन्हा मूठ मिटली. दोघंही पुन्हा उपाशी. त्याचे गाल बसले होते, जखमेच्या पट्टीतून पिवळं पाणी येत होतं. सारजाबाईनं दारातून सांगून बघितलं, "आरं लेकरा, मी लावते विभूती, खा रं दोन घास." त्यानं मान हलवली. परक्या हाताची पूजा त्याला नको होती, आणि घरचा हात तो घेत नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो बसला तेव्हा शांतम्मा आत आली नाही. दारातच उभी राहिली. तिला वाटलं, माझं तोंड बघून पोरगं उपाशी मरायचं. ती मागं वळली.

"वैनी," चन्ना म्हणाला.

ती थांबली. त्यानं तळहात पुढं केला होता, उघडा. तो तिच्याकडं बघत नव्हता, लिंगाकडं बघत होता.

"पानी घाला," तो म्हणाला.

ती खाली बसली, तांब्या उचलला आणि त्याच्या तळहातावर पाणी घालू लागली.